बांध कुठे फुटतो

आमच्या घराण्याचा टक्केवारीवर फार विश्वास. वडील शिक्षक होते, मीही शिक्षकच झालो. पस्तीस टक्क्यांना उत्तीर्ण, साठ टक्क्यांना प्रथम वर्ग, ह्या दोन रेघांच्या आधारावर आम्ही गावच्या दोन पिढ्यांची पारख केली. थोरल्या बंधूंच्या बाबतीत ह्याच सवयीने माझ्या हातून जे घडले, ते कागदावर उतरविण्याचे धैर्य मला इतक्या वर्षांनी होत आहे.

दादा आमच्या देवस्थानचे खजिनदार. २०११ च्या जानेवारीत जत्रेच्या खर्चाचा अंदाज मांडीत असता त्यांच्या छातीवर दाब आला व डावा हात जड झाला. आम्ही त्यांना एका मोठ्या रुग्णालयात नेले. तेथे अँजिओग्राफी झाली. डॉक्टरांनी सांगितले की, हृदयाला रक्त पुरविणाऱ्या एका रोहिणीत चाळीस टक्के अरुंदपणा आहे. तेवढ्यासाठी स्टेंट घालण्याचे कारण नाही. दोन गोळ्या लिहून देतो, त्या मात्र एकही दिवस चुकवू नका. परतीच्या वाटेवर दादा गप्प होते. त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "दादा, चाळीस टक्के गेले म्हणजे साठ टक्के वाट मोकळी आहे. हा तर प्रथम वर्ग झाला!" ते मोकळेपणाने हसले. घरी पोचताच त्यांनी पुन्हा हिशेबाची वही उघडली.

माघातील जत्रा त्यांनी नेहमीच्या उत्साहाने पार पाडली. पाचही दिवस उपास, पालखीबरोबर अनवाणी चालणे, मध्यरात्रीपर्यंत अग्रशाळेतील पंगतीची व्यवस्था. जत्रा संपून अकरा दिवस झाले होते. पहाटे तळीवर स्नान करून ते घरी आले, ओसरीवरील खुर्चीत टेकले आणि तेथेच गेले. शवचिकित्सा करण्याची कोणाची इच्छा नव्हती. हृदयविकाराचा झटका, एवढेच आम्हांला कळले, व त्याहून अधिक कधी कळणारही नाही.

त्या डॉक्टरांना मी क्षमा केली नाही. चाळीस टक्क्यांचा मनुष्य महिन्याभरात जातो, तेव्हा तपासणीत काहीतरी चुकलेच असले पाहिजे, असे मी जो भेटेल त्याला सांगत सुटलो. गृहस्थ आमच्याच तालुक्यातील. दर जत्रेला सहकुटुंब दर्शनास येत. मी त्यांना पाहून न पाहिल्यासारखे करीत असे. एके वर्षी तर प्रसादाचे ताट माझ्या हातात होते, ते समोर ओंजळ धरून उभे होते, आणि मी पुढच्या माणसाकडे वळलो. देवळाच्या चौकात, देवाच्या समोर मी हे केले!

पुढे २०२३ साली माझ्याच मानेत एक गाठ आली. दादांची मुलगी मुंबईस डॉक्टर आहे. किरणोत्सारी द्रव्यांच्या साह्याने रोगनिदान करणे हा तिचा विषय. तिच्या आग्रहावरून मी मुंबईस गेलो व तेथे माझी 'पेट-सीटी' तपासणी झाली. आदल्या रात्रीपासून पोटात अन्न नाही. दंडातून सुईवाटे साखरेचे एक द्रव्य सोडले, आणि मग एका शांत खोलीत तासभर न बोलता, न हलता बसावयास सांगितले. आम्हां देवळातील मंडळींना उपास व मौन ही दोन्ही व्रते नवी नाहीत. परंतु आपल्या रक्तातून किरणोत्सारी साखर फिरत आहे, ह्या जाणिवेने नामस्मरणात मन लागेना, हे कबूल केले पाहिजे.

गाठ साधी निघाली. परंतु अहवालाच्या शेवटी एक वाक्य होते: महारोहिणीच्या भिंतीत व गळ्यातील डाव्या रोहिणीत काही ठिकाणी साखरेचे शोषण वाढलेले आहे. मी चष्मा पुसून ते दोनदा वाचले व पुतणीला विचारले, "बाय, ह्यात टक्के कुठे आहेत?"

"ह्यात टक्के नसतात, काका," ती म्हणाली आणि तिने संगणकावर माझी चित्रे उघडली.

एक चित्र करड्या रंगाचे होते. त्यात हाडे, फुप्फुसे, रोहिण्यांच्या भिंती, त्यांत साठलेला चुना, सर्व रेखीव दिसत होते. हे क्ष-किरणांच्या सीटीचे चित्र. दुसरे चित्र म्हणजे काळोखात पेटलेल्या काही ज्योती; त्या ज्योती कोणत्या अवयवात आहेत ते मात्र उमगत नव्हते. हे पेटचे चित्र. पहिल्यात जागा कळते, चलनवलन कळत नाही. दुसऱ्यात चलनवलन कळते, जागा कळत नाही. ही दोन्ही चित्रे एकाच मंचकावर, रोग्याला न हलविता घेऊन एकावर एक बसविणारे यंत्र डेव्हिड टाउनसेंड व रॉन नट ह्या दोघांच्या कल्पनेतून उभे राहिले व १९९८ साली अमेरिकेत पिट्सबर्ग येथे प्रथम रुग्णांसाठी वापरात आले. ते मुख्यतः कर्करोगासाठी वापरले जाते. त्याच यंत्राने रोहिणीची भिंतही पाहता येईल, हा विचार पुढचा.

त्या भिंतीत जे साठते त्याला डॉक्टर 'प्लाक' म्हणतात. ते नळात साठणाऱ्या गाळासारखे असते, अशी माझी समजूत होती, आणि माझ्या साऱ्या टक्केवारीचा पाया ह्याच समजुतीत होता. पुतणीने तो काढून टाकला. प्लाक भिंतीच्या पोटात वाढतो. आत मेदाचा मऊ गाभा, त्याभोवती त्या मेदाचा फडशा पाडण्यासाठी आलेल्या व तेथेच अडकून पडलेल्या पेशी, आणि वर तंतूंचा एक पापुद्रा. पापुद्रा जाड असेल तर असला प्लाक वर्षानुवर्षे निमूट राहतो. आतील दाह वाढून पापुद्रा झिजला व फाटला, की गाभ्याचा रक्ताशी स्पर्श होतो, तेथे गुठळी धरते, आणि काल निम्म्याहून अधिक मोकळी असलेली वाट काही मिनिटांत बंद होते.

हे ऐकताना मला आमचे जुवारीकाठचे खाजन आठवले. खाऱ्या पाण्याला अडविणारा मातीचा बांध वरून हिरवागार दिसे. लहानपणी मी वडिलांना विचारी की, बांध एवढा रुंद असताना तुम्ही काठीने जागोजागी काय टोचून पाहता? ते म्हणत, कुर्ल्यांची बिळे. खेकड्यांनी आतून पोखरलेला बांध रुंदीवरून ओळखू येत नाही, आणि भरतीच्या रात्री तो फुटतो तेव्हा नेमका अशाच एखाद्या जागी, जेथे दिवसा कोणाला काही दिसले नव्हते. ज्यांच्या घरी खाजन होते त्यांना हे सांगावे लागणार नाही.

अँजिओग्राफी वाहत्या पाण्याची रुंदी दाखविते. बांधाचे पोट दाखवीत नाही. ही गोष्ट डॉक्टरांना ठाऊक नव्हती असे नाही. १९८८ सालीच अमेरिकेत काही संशोधकांनी, ज्यांची अँजिओग्राफी आधी झालेली होती व ज्यांना नंतर झटका आला, अशा रुग्णांची जुनी चित्रे पुन्हा काढून पाहिली. झटक्याचे कारण ठरलेली जागा त्यांतील बहुतेकांच्या जुन्या चित्रात निम्मीदेखील अरुंद नव्हती. म्हणजे दादा गेले त्याच्या तेवीस वर्षे आधी हे छापून आले होते. माझे 'साठ टक्के मोकळी' हे गणित त्या दिवशी पुतणीसमोर बसल्या बसल्या कोसळले.

दाह पावलेल्या पेशी साखर अधिक खातात. २००२ साली केंब्रिज येथे आठ रुग्णांच्या गळ्यातील रोहिण्या ह्याच साखरेने तपासल्या गेल्या, तेव्हा ज्या बाजूच्या प्लाकमुळे मेंदूला त्रास झाला होता ती बाजू अधिक उजळली. मोठ्या रोहिण्यांच्या बाबतीत हे जमते. हृदयाच्या रोहिण्यांशी गाठ पडली की पंचाईत होते. कारण हृदयाचा स्नायू स्वतःच साखरेचा मोठा भोक्ता, तो इतका उजळतो की त्यावरील दोन-चार मिलिमीटरची रोहिणी त्यात बुडून जाते. शिवाय हृदय क्षणभर थांबत नाही, श्वासाबरोबर वरखाली होते ते वेगळेच.

ह्यावर एडिंबरा येथील मार्क ड्वेक, डेव्हिड न्यूबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी साखर सोडून दुसरे द्रव्य घेतले: सोडियम फ्लुओराइड. हाडांच्या तपासणीसाठी ते १९६२ पासून ठाऊक होते. ते नव्याने धरत असलेल्या चुन्याच्या कणांना चिकटते. जुना चुना म्हणजे दगड. त्याच्या केवळ वरच्या पृष्ठाला थोडे चिकटणार. परंतु दाहाने धुमसणाऱ्या प्लाकमध्ये चुना सूक्ष्म कणांनी विखुरलेला असतो, साध्या सीटीत तो दिसतही नाही, आणि तेथे हे द्रव्य भरभरून गोळा होते. २०१४ साली 'लॅन्सेट' साप्ताहिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. लेखकांत पहिले नाव निखिल जोशी असे आहे. माझे त्यांच्याशी कसलेही नाते नाही, तरी आडनाव वाचून मन उगाच सुखावले. नुकताच झटका येऊन गेलेल्या ४० रुग्णांपैकी ३७ जणांत, झटक्यास कारण झालेला प्लाकच सर्वांत अधिक उजळला होता. फुटलेली जागा बाहेरून दाखविता आली, ही काही लहान गोष्ट नव्हे.

हे सर्व ऐकून मी तो प्रश्न विचारला, जो मला पहिल्या चित्रापासून विचारावयाचा होता. "२०११ साली असे यंत्र दादांवर चालविले असते, तर?"

पुतणी लगेच बोलली नाही. मग म्हणाली, "काका, फुटलेला बांध दाखविणे वेगळे आणि उद्या कुठला फुटेल ते सांगणे वेगळे." तिने मला त्याच वर्षी, २०२३ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासाची हकीकत सांगितली. झटका येऊन गेलेल्या ७०४ रुग्णांची फ्लुओराइडने तपासणी करून त्यांच्यावर सुमारे चार वर्षे लक्ष ठेवले. मुख्य प्रश्नात मृत्यू, नवा झटका आणि रोहिणी मोकळी करण्याची तातडीची शस्त्रक्रिया ही तिन्ही एकत्र मोजली होती. त्याचे उत्तर नकारार्थी आले, उजळणाऱ्या व न उजळणाऱ्या रुग्णांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. केवळ हृदयविकाराने मृत्यू व नवा झटका एवढेच पाहिले, तेव्हा मात्र उजळणाऱ्यांत धोका अधिक दिसला. "म्हणून हे अजून संशोधनातच आहे. आजदेखील बाबांसारखा रोगी आला, तर त्याला आम्ही सरसकट ह्या यंत्राखाली घालीत नाही. आणि समजा घातले, प्लाक उजळला, तर पुढे काय करणार? स्टॅटिन आणि रक्ताची गुठळी न होऊ देणारी गोळी. पापुद्रा बळकट करावयाचा, दाह कमी करावयाचा."

"म्हणजे त्याच दोन गोळ्या?" मी विचारले.

"त्याच."

संगणकाकडे पाहतच ती पुढे म्हणाली, "बाबांचे कपाट मीच आवरले होते, काका. गोळ्यांच्या पाकिटातून पहिल्या चार-पाचच निघाल्या होत्या. बाकीच्या जशाच्या तशा होत्या."

तेव्हा ती वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षात होती. प्रथम वर्ग मिळालेल्या विद्यार्थ्याने पुन्हा अभ्यास कशाला करावा, असेच दादांनी मनाशी म्हटले असणार. आणि तो वर्ग त्यांना कोणी दिला होता, हे तिला ठाऊक होते की नाही, मला सांगता येत नाही. गाडीत ती आमच्याबरोबर नव्हती. परंतु दादा घरी जाऊन हा विनोद सांगितल्यावाचून राहिले असतील, असे वाटत नाही. गोळ्या घेतल्या असत्या तर ते वाचलेच असते असे तीही म्हणाली नाही. महिनाभराच्या औषधाने पापुद्रा कितीसा जाड होणार? ती एवढेच म्हणाली की, माझ्या स्वतःच्या अहवालातील ते वाक्य मी विसरू नये, आणि तिने माझ्या हातावर त्याच जातीच्या गोळीचे पाकीट ठेवले. ते मी आजतागायत चुकविलेले नाही. एकादशीलाही पाण्याबरोबर घेतो.

२०२४ च्या माघात जत्रेला डॉक्टर आले. आता ते हातात काठी घेऊन चालतात. बरोबर नातू होता. मी दीपस्तंभाजवळ त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो, प्रसाद त्यांच्या ओंजळीत घातला व म्हणालो, "डॉक्टरसाहेब, मी येथील जुन्या खजिनदारांचा धाकटा भाऊ."

"ओळखतो," ते म्हणाले. "चाळीस टक्के. डावीकडची पुढची रोहिणी."

पालखी देवळाला वळसा घालून परत येईपर्यंत आम्ही दोघे अग्रशाळेच्या पायरीवर बसून होतो. गाडीतील माझा विनोद मी त्यांना सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला.