अडतंय नेमकं कुठे?

माझ्या धाकट्या मुलाबद्दल घरात दोन मतं होती. त्याचे बाबा म्हणायचे, आळशी आहे. सासूबाई म्हणायच्या, मुलगे जरा उशिराच लिहायला लागतात. तिसरीच्या वर्गशिक्षिका बाईंचं निरीक्षण वेगळं होतं. परिसर अभ्यासाचे प्रश्न तोंडी विचारले की याचाच हात आधी वर. वहीत मात्र दोन ओळींपुढे गाडी जात नाही. अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या, असं त्यांनी सुचवलं.

आम्ही मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात गेलो. ही तपासणी एका बैठकीत उरकत नाही. आधी डोळे आणि कान तपासले, कारण फळा नीट दिसत नसेल किंवा कमी ऐकू येत असेल तरी वाचन अडतंच. बालरोगतज्ज्ञांनी जन्मापासूनची हकिकत विचारली: बोलायला कधी लागला, कधी फिट आली होती का, घरात आणखी कुणाला वाचायला जड गेलं का. त्याच्या वह्या त्यांनी पान उलटून उलटून पाहिल्या.

मग बुद्ध्यांक चाचणी. सासूबाईंना याचीच धास्ती होती, 'पोराला मंद ठरवतील.' डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली 'मिसिक' ही चाचणी त्याला दिली. त्यात शब्दांचे प्रश्न असतात, तसे हातांनी करायचेही असतात. ठोकळे जुळवून नक्षी करायची होती, ती त्याने झरझर केली. ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने सांगताना मात्र अडखळला. बुद्ध्यांक चांगला निघाला. अध्ययन अक्षमतेचं निदान करताना हे पाहणं गरजेचंच असतं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी ८५ च्या वर बुद्ध्यांक ही अट होती.

खरा उलगडा विशेष शिक्षिकेच्या टेबलावर झाला. त्यांनी मराठी उतारा वाचायला दिला, श्रुतलेखन घेतलं, गणितं घातली. 'सूर्य'चा त्याने 'सूय' केला, 'वर्ग'चा 'वग्र'. पंचाहत्तर सांगितल्यावर ५७ लिहिले, कारण पाच आधी ऐकू आले. तोच उतारा त्यांनी स्वतः वाचून दाखवला, तेव्हा त्याने सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. समज शाबूत होती. अडत होतं ते अक्षर आणि आवाज यांची जोडी लावताना. हे मराठी माध्यमाच्या मुलाला मराठीतूनच तपासल्यामुळे कळलं. इंग्रजी उतारा पुढे ठेवला असता, तर अक्षमता कुठली आणि अपरिचित भाषा कुठली, हे कसं ओळखणार? मराठीतून अशी तपासणी करण्यासाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची 'डाली' ही साधनंही २०१५ पासून आहेत.

पुढे प्रमाणपत्र मिळालं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्या हक्काच्या आहेत आणि घ्याव्यात. पण आम्हाला अधिक उपयोग झाला तो अहवालातल्या शेवटच्या पानाचा. रफार आणि रकार वेगवेगळे शिकवा, लिहिण्याआधी शब्द तोडून म्हणवून घ्या, फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी छापील मजकूर द्या, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. बाईंनी वर्गात तसं केलं, रेमेडियल शिकवणी घेणाऱ्या ताईंनी आठवड्याच्या तासांना त्यावरच काम केलं. त्याच्या बाबांच्या तोंडून 'आळशी' हा शब्द गेला.

रुग्णालयात नववी-दहावीच्या मुलांचे पालक खूप भेटले. बोर्डाचा अर्ज भरायचा म्हणून ते आले होते. तोवर त्या मुलांनी सात-आठ वर्षं मार आणि बोलणी खाल्लेली असतात. आठव्या वर्षापासून हे निदान करता येतं. मुलाला तोंडी येतं आणि लिहिता येत नाही, असं दिसलं की शिक्षकांनी पालकांना बोलवावं आणि पालकांनी तपासणी टाळू नये. दहावीतली जादा वीस मिनिटं चौथीत न मिळालेल्या शिकवणीची भरपाई करू शकत नाहीत.