दुसऱ्या बाजूचं नाणं

गेमच्या दुकानाचा हिशेब उघडा होता. एका मशीनला दोन दांड्या. दोघांनी एकेक रुपया घालायचा. जिंकेल तो मशीनला उभाच राहणार, हरेल त्यानं बाजूला व्हायचं, नाहीतर खिशातून पुन्हा रुपया काढायचा. म्हणजे ज्याला खेळता येतं त्याला खेळ जवळजवळ फुकट, आणि ज्याला येत नाही त्यानं दुकानाचं लाइटबिल भरायचं. साताऱ्यात १९९८ च्या आसपास राजवाड्याजवळच्या एका बोळात असं दुकान होतं. त्याच्या लाइटबिलाला माझा हातभार मोठा.

कोपऱ्यातल्या मशीनवर 'मुस्तफा'. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा १९९३ चा गेम. पण आमच्याकडे कुणी त्याला त्या नावानं हाक मारली नाही. त्यात दोस्त मिळून गुंडांना चोपतात, आपसांत वैर नाही, म्हणून शाळकरी पोरं तिकडं. दारालगतच्या मशीनवर मात्र एसएनके या जपानी कंपनीचा 'किंग ऑफ फायटर्स ९७'. प्रत्येकाचे तीन गडी. चार बटणं, दोन बुक्क्यांची आणि दोन लाथांची. आणि खांद्याला खांदा लावून उभा असलेला जिवंत माणूस. मशीनला हरवणं पाठांतरानं जमतं. माणूस मात्र कालचीच गोष्ट आज करेल याचा भरवसा नाही. मी तिथं शिरलो आणि नवा माणूस जे करतो तेच करू लागलो: सगळी बटणं एकदम बडवायची. पडद्यावर काहीतरी घडतंच, आणि ते आपणच घडवलं असं वाटत राहतं.

मी ज्याचं देणं लागतो तो दादा तेव्हा पोवई नाक्याकडच्या एका गॅरेजात कामाला होता. संध्याकाळी ग्रीसचे हात पँटला पुसत यायचा. मालक काका गल्ल्यावरून ओरडायचे, "हात धू आधी!" तरी त्याच्या बाजूच्या दांडीचा गोळा कायम काळा, तुळतुळीत. तो इओरी नावाचा गडी घ्यायचा, आणि एका रुपयावर दुकान बंद होईपर्यंत उभा असायचा. पुढंपुढं त्याच्याशी खेळायलाच कुणी तयार होईना.

अशाच एका संध्याकाळी त्यानं खिशातून रुपया काढला आणि माझ्या बाजूच्या फटीत घातला. "ये रं. उभा ऱ्हा."

लहान पोराला दोन डाव जिंकू देईल अशी माझी समजूत. त्यानं एकट्या इओरीनं माझे तिन्ही गडी लोळवले. मग पुन्हा माझ्या बाजूला त्याचाच रुपया. "आता बटणाला हात लावायचा न्हाई. नुसती दांडी मागं वढून बस. मार खायला शीक."

तिथून माझं शिक्षण सुरू झालं. दांडी मागं ओढली की गडी मार अडवतो. मागं आणि खाली ओढली की बसून अडवतो. पायावरची लाथ बसून अडवायची, उडी मारून येणारा घाव उभ्यानं. एवढं एकच करायचं, उलटून काही मारायचं नाही. आश्चर्य म्हणजे नुसतं अडवत राहिल्यावर पहिल्यांदाच मला समोरचा माणूस दिसला. तोवर मी फक्त माझाच गडी बघत होतो.

मग दांडी धरायची रीत. मुठीत आवळायची नाही, गोळा बोटांमध्ये सैल ठेवायचा. खाली, तिरकं, पुढं, आणि पुढं पोचता पोचता बुक्कीचं बटण: आगीचा गोळा सुटतो. बटण जरा लवकर दाबलं तर साधी बुक्की, उशीर झाला तर काहीच नाही. दादा माझ्या मनगटावर त्याचा काळा हात ठेवून ती गोलाई घडवून आणायचा. घरी आई शर्टाच्या बाहीवरचा डाग घासत विचारायची, हे ग्रीस कुठून येतं रोज?

गडी मी निवडला गोरो डायमन, ज्युदोवाला. घराजवळच तालीम होती, आजोबा तिथं बसायचे, त्यामुळे पकडणं, उचलणं, आपटणं यातच मला गोडी. दादा म्हणाला, "घे की. पर जवळ जानार कसा?" धरणाऱ्या गड्याचं सगळं दुखणं या एका प्रश्नात आहे. लांबून मारणारा तुम्हाला जवळ येऊच देत नाही. मग थांबायचं, अडवायचं, इंच इंच सरकायचं. "घाबरल्याला माणूस उडी मारतो," तो सांगायचा. "त्याला घाबरव, आन् खाली हुबा ऱ्हा."

पाडणाऱ्यानंच शिकवणं तालमीत नवं नव्हतं. वस्ताद पोराला रोज पाडतो, पण पाडण्याचे पैसे घेत नाही. उलट खुराकाचं बघतो. गेमच्या दुकानात मात्र असा रिवाज नव्हता. तिथं जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याचा रुपया भरणं म्हणजे धंद्याचं गणितच उलटं करणं. काकांनाही ते कळत होतं. एकदा म्हणाले, "तुझ्या पगारात हे पोरगं शिकतंय." दादानं ऐकलं न ऐकलंसं केलं.

२००४ मध्ये इंजिनिअरिंगसाठी सांगलीला गेलो. एसटीच्या वाटेत कराड लागतं, आणि कराडजवळ गोळेश्वर, खाशाबा जाधवांचं गाव. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून खाशाबांना ७००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, मग कुस्त्या भरवून ते पैसे फेडले. या रस्त्यानं जाताना आजोबा ही गोष्ट हमखास सांगत. सात हजाराचा आकडा असला की फेडता येतं. माझ्या चिल्लरीचा आकडा कुणी लिहून ठेवला होता?

सांगलीत विश्रामबागेकडच्या पार्लरमध्ये नाण्याचा कारभार संपलेला होता. तिथं प्लेस्टेशन, तासावर पैसे, आणि थोड्याच दिवसांत आला 'टेक्कन ५'. तिथं भेटलेला मिरजेचा पोरगा सतार-तंबोरे बनवणाऱ्या घरातला. त्याचे कान इतके तयार की पडद्याकडे न बघता, गड्याच्या नुसत्या हुंकारावरून कुठली लाथ येतेय ते सांगायचा. खेळ ऐकायचाही असतो हे मला त्याच्यामुळे कळलं. त्याची एक दोनशेपानी वही होती. कुठला घाव अडवला की समोरचा किती वेळ उघडा पडतो, हे त्यात गड्यागणिक लिहिलेलं. हे गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतात, प्रत्येक चित्र म्हणजे एक फ्रेम. टेक्कनमधली सर्वांत चपळ बुक्की १० फ्रेमची, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. घाव अडवल्यावर समोरचा १० फ्रेम अडकला असेल तर ती बुक्की लागणारच. तिथं नशिबाचा प्रश्न नाही. नवशिक्याला याहून मोठा दिलासा नसेल. हातातली चपळाई कमी असली तरी आधीच ठाऊक असलेलं वेळेवर करता येतं.

मी अर्थातच 'किंग' घेतला, जॅग्वारच्या तोंडाचा मुखवटा घातलेला पैलवान. आणि मिरजकरानं मला पकड सोडवायला शिकवलं, तेही स्वतःच किंग घेऊन. पकडायला डावा हात पुढं आला तर डाव्या बुक्कीचं बटण, उजवा आला तर उजव्याचं, दोन्ही आले तर दोन्ही. "हात बघ, तोंड बघू नको." तासाचे पैसे दोघांत, आणि त्यातली अर्धीअधिक वेळ तो फक्त मला पकडत राहायचा. स्वतःचा खेळ बाजूला ठेवून.

२०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लास वेगासला अशा लढतीच्या गेमची 'इव्हो' स्पर्धा झाली. लाहोरच्या अर्सलान सिद्दिकी, म्हणजे अर्सलान ॲशनं टेक्कन ७ च्या अंतिम लढतीत कोरियाच्या 'नी' या खेळाडूला हरवलं. फेब्रुवारीत तो जपानची इव्होही जिंकला होता, आणि तेव्हाच सांगून मोकळा झाला होता की घरी त्याच्या तोडीचे खूप जण आहेत. ते खरं निघालं. टेक्कन वर्ल्ड टूरची २०२२ ची अंतिम स्पर्धा अतिफ बट या दुसऱ्या पाकिस्तानी खेळाडूनं मारली. हे सगळे लाहोरसारख्या शहरांतल्या दुकानांत, एकमेकांच्या शेजारी उभे राहून घडलेले. मला त्यात परकं काही वाटलं नाही.

पण तो ऑगस्ट सांगलीच्या पुराचा होता. कृष्णेनं आयर्विन पुलाजवळ ५७ फूट ओलांडले. मारुती चौकात मिरजकराचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, ते पाण्याखाली. त्याचा फोन बरेच दिवस लागेना. अखेर लागला तेव्हा मी पुण्याहून, पैसे पाठवू का, माणसं कुठं आहेत, असं काय काय विचारत होतो. माझं संपेपर्यंत तो थांबला आणि म्हणाला, "सगळी बरी आहेत. अर्सलानचं काय झालं रे? जिंकला का?"

वही दुकानातच होती. गेली.

दादाला मी अलीकडे भेटलो. आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. हांगझोच्या आशियाई खेळांत, २०२३ ला, स्ट्रीट फायटर ५ ला पदकं होती आणि भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास खेळले, हे मी त्याला सांगितलं. त्यानं पाना खाली ठेवला नाही. मग मी त्या रुपयांचा विषय काढला.

"तुझ्यावर कुठं घातला रुपया? समोर कुनी नव्हतं. मला खेळायचं हुतं."

यातलं निम्मं मला पटतं. चांगल्या खेळणाऱ्याला समोर कुणीतरी लागतं, नसेल तर तो घडवावा लागतो. पण नुसतं खेळायचंच असतं तर मला बटणं बडवू द्यायला त्याचं काय गेलं असतं? मार अडवायला शिकवायची गरज नव्हती. हे त्याला म्हणालो तर त्यानं पोरीला हाक मारली, "ह्यो बघ, ह्यो डायमन घेत हुता!"

पोरगी अकरावीत. माझ्या लॅपटॉपवर तिनं स्ट्रीट फायटर ६ लावला आणि सोपी रीत निवडली, ज्यात एका बटणावर आगीचा गोळा सुटतो. दादा खवळला. "एका बटनात? मग हातानं काय शिकायचं?" तिनं त्याच रीतीनं मला हरवलं, मग बापाला. कीबोर्डवर त्याची जाड बोटं दोन-दोन कळांवर एकदम पडत होती.

"ह्याला दांडी मिळत न्हाई व्हय?"

मिळते म्हणालो, आणि किंमत सांगितली. त्यानं माझ्याकडे असं काही बघितलं की विषय तिथंच राहिला, आणि पोरगी पुढची लढत लावून मोकळी झाली.