जोतं किती उचलायचं?

आमच्या घरात शिरायचं तर दोन पायऱ्या उतराव्या लागतात. घर बांधलं तेव्हा दोन पायऱ्या चढाव्या लागत. घर जागचं हललेलं नाही, गल्ली वर आली. आधी खडी, मग डांबर, मग पेव्हर ब्लॉक, शेवटी काँक्रीट; खालचं उकरून काढायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. आजोबा ओट्यावर बसून खाडीकडं जाणाऱ्या माणसांशी गप्पा मारायचे. आज त्याच ओट्यावर बसलं की येणाऱ्याजाणाऱ्यांचे गुडघे दिसतात.

बाळकुमच्या गावठाणात आमच्यासारखी घरं अजून आहेत. कपूरबावडीवरून जुन्या आग्रा रोडनं भिवंडीकडं निघालं की कशेळीच्या पुलाआधी आमचं गाव लागतं, पण रस्त्यावरून ते दिसत नाही. दिसतात ते टॉवर आणि मेट्रो-5 चे खांब. गाव त्यांच्या मागं आहे: हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना लागतील अशा गल्ल्या, दारात मासळी वाळत घातलेली, आणि प्रत्येक घरावर एकदोन मजले चढवून काढलेल्या भाड्याच्या खोल्या. आमच्याकडं मागच्या बाजूला तीन खोल्या आहेत. एकीत भिवंडीच्या गोदामात काम करणारी जळगावची दोन पोरं, एकीत रिक्षावाला, तिसरी सध्या गळते म्हणून रिकामी. आईच्या औषधपाण्याचा खर्च या भाड्यावर निघतो. मालमत्तेनं आमच्या हातात दिलेलं खरं उत्पन्न एवढंच.

लोकांना ते पटत नाही. कंपनीत कुणालाही बाळकुम गावठाणात स्वतःचं घर आहे म्हणून सांगितलं, की "मग तुम्हाला काय कमी! नोकरी हौसेनं करता वाटतं," हे ठरलेलं. हल्ली मी हसून सोडून देतो.

गेल्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी तिसऱ्यांदा घरात आलं. 26 जुलै 2005 ला, सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, आमच्याकडं पाणी खाटेच्या माच्यापर्यंत चढलं होतं. त्याचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही. आता साध्या दोन तासांच्या सरीत येतं. आई म्हणाली, "जोतं उचल, नाहीतर मला बहिणीकडं ठेव." म्हणून कर्जाची चौकशी करायला एका बँकेत गेलो.

साहेब सज्जन होते. मी घरपट्टीच्या पावत्यांची चळत पुढं ठेवली, पार ग्रामपंचायतीच्या काळापासूनची. त्यांनी दोनतीन उलटून पाहिल्या आणि म्हणाले, "पट्टी कोण भरतं ते यातून कळतं. घर कोणाचं ते नाही कळत. मिळकत पत्रिका आणा." आमच्या घराची मिळकत पत्रिका नाही. गावठाणातल्या जागेला शेतसारा नसतो, त्यामुळं सातबाराही नाही. 2020 साली केंद्राची स्वामित्व योजना आली. ड्रोननं गावठाणं मोजून घराघराला पत्रिका द्यायची, अशी. ती ग्रामपंचायतींच्या गावांसाठी. आम्ही 1 ऑक्टोबर 1982 ला ठाणे महापालिका झाली तेव्हापासून शहर. म्हणजे शहर म्हणून गावाची योजना नाही आणि गावठाण म्हणून शहराचं कर्ज नाही. साहेबांनीच शेवटी वाट दाखवली: "दुसरी काही जमीन असेल तर बघा ना."

आहे की. खाडीकडची खाजणं. तलाठ्याकडून (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून कोणाच्या तोंडी बसलेलं नाही) उतारा काढला. क्षेत्र बावन्न गुंठे. खातेदार सत्तावीस. उताऱ्यावरून नाव कमी झालं की त्याला कंस पडतो, आणि आमच्या उताऱ्यावर कंस इतके की गणिताचा पेपर वाटावा. तरी कंसाबाहेर राहिलेल्या सत्तावीस जणांतले पाच तरी मी स्वतः खांदा देऊन पोचवलेले आहेत. वारसनोंद करायला कुणी गेलंच नाही. आणि आजोबांच्या मुलीचं, म्हणजे माझ्या आत्याचं नाव इतर हक्कांच्या रकान्यात, तेही घरातल्या लाडाच्या नावानं. 1956 च्या वारसा कायद्यानं मुलगी बरोबरीची वारस होती. पण फेरफार झाला तेव्हा बहिणींची नावं तिकडच्या रकान्यात टाकायचा रिवाज होता. तिच्या आधार कार्डावर सासरचं नाव. कागदाच्या दृष्टीनं या दोन वेगळ्या बाया.

सर्वांना सारखं वाटलं तर माणशी दोन गुंठेसुद्धा येत नाहीत. इथल्याच कोलशेत रोडला क्लॅरियंट कंपनीची सत्त्याऐंशी एकर जमीन 2014 च्या सुमारास सुमारे 1,150 कोटींना लोढांकडं गेली. तो आकडा पेपरात आला तेव्हा गावात आठवडाभर दुसरं बोलणं नव्हतं. जो तो गुंठ्याचा भाव काढत होता. हिशोबात एक गोष्ट कुणी धरली नाही: तिथं विकणारा एक होता.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे ती जमीन कोरडी होती. आमचं शेत खारजमिनीचं. खाडीला समांतर मातीचा बांध, त्यात एका ठिकाणी उघाडी. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं आणि भरतीचं खारं पाणी आत शिरू द्यायचं नाही, एवढंच त्या लाकडी झडपेचं काम. आत रात्याचा तांबडा भात व्हायचा. बांध मात्र एकट्याचा नसतो. उधाणात कुठं भगदाड पडलं की सगळ्या शेतकऱ्यांनी चिखल काढून ते बुजवायचं. कोलशेत रोडला सँडोज, बायर अशा कंपन्या आल्या, वडील आणि त्यांच्या वयाचे सगळे पाळ्यांत कामाला लागले. पगार दर महिन्याला हातात येऊ लागला आणि बांधावर यायला माणूस मिळेना. एका पावसाळ्यात बांध फुटला. वडील म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." ते पुढचं वर्ष आलंच नाही. खारं पाणी रोज दोनदा येऊन जाऊ लागलं आणि शेतात तिवरं उगवली.

तिवरं आपोआप उगवतात, आपोआप जात नाहीत. ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिवरं तोडायला आणि त्यांच्याभोवती पन्नास मीटरपर्यंत बांधकामाला बंदी घातली. निकाल योग्यच आहे. ही झाडं नसती तर आमच्या दारात पाणी आणखी लवकर आलं असतं. फक्त आमचं शेत आता ना पिकतं, ना विकतं. बाळकुम ते गायमुख असा सुमारे तेरा किलोमीटरचा खाडीकिनारा रस्ता मंजूर झाल्यापासून नकाशाची झेरॉक्स घेऊन एजंट फिरतात. प्रत्येकाच्या नकाशात रस्ता थोडा इकडं, थोडा तिकडं. ज्याच्याशी बोलावं त्याच्याच गटातून जातो.

जमिनीकडं बँक बघणार नाही, हे तो उतारा वाचूनच कळलं. पीएफमधले पैसे काढले. दुरुस्तीच्या परवानगीसाठी सर्व वारसांची संमती हवी होती. चुलतभावांनी दोन रविवारांत सह्या दिल्या. उरली आत्या.

ती खाडीपलीकडं काल्हेरला असते, वय ब्याऐंशी. मी गेलो तेव्हा सुकट निवडत होती.

"कवा आलास? चाय घे पयली."

चहा झाला. मी फाईल उघडली. वकिलानं एका दगडात दोन पक्षी म्हणून घराचं संमतीपत्र आणि शेताचं हक्कसोडपत्र असे दोन्ही मसुदे करून दिले होते. ती म्हणाली, "सही देन मी. पन पयला मना आपली उघारी दाखव."

उघाडी पन्नास वर्षं कुणी पाहिली नव्हती. तिला रिक्षात घालून कशेळीच्या पुलावरून आणलं. खाजणाकडं जायची जुनी वाट एका संकुलाच्या भिंतीला जाऊन थटते. माझा चुलतभाऊ तिथं सुपरवायझर आहे, त्यानं लिफ्टनं थेट गच्चीवर नेलं. आत्या एवढ्या उंच पहिल्यांदाच चढली असावी. कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली आणि काही वेळ बोललीच नाही. खाली नुसती हिरवी चादर, पलीकडं खाडी, उजवीकडं कशेळीला मुंबईच्या पाण्याचे अजस्र पाइप खाडी ओलांडताना दिसत होते. मला वाटलं, तिला काही ओळखता येणार नाही.

"तो बघ बांद."

मला दिसेना. मग दिसला. तिवरांच्या रंगात एक सरळ रेघ होती; तेवढ्या पट्ट्यात झाडं उंच आणि काळपट. खाली बांधाची माती, म्हणून जमीन जरा चढ. खाडी वळते तिथं ती रेघ तुटली होती. आत्यानं बोट ठेवल्यासारखं तिथं दाखवलं. ती उघाडी. लहानपणी ओहोटीच्या वेळी तिथं टोपली लावून निवट्या आणि कोळंबी धरायची तिची पाळी असायची, आणि एकदा भरती लागायच्या आत झडप पाडायला विसरली म्हणून आजोबांनी तिला दिवसभर उपाशी ठेवलं होतं. हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

घरी येऊन तिनं दोन्ही कागद वाचून घेतले. घराच्या कागदावर मान हलवली. दुसरा बाजूला सारला.

"शेताचा नको."

"आत्या, तिथं नुसता चिखल आहे गं."

"आसंल. माजा नाव हाय त्याच्यान."

वकील वैतागला. मी नाही वैतागलो. दोन नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र मात्र आम्ही करून घेतलं, आणि तिचं नाव मालकी सदरी आणायचा अर्ज दिला. पाच मयतांच्या वारसनोंदीही त्याबरोबर टाकल्या. म्हणजे खातेदार सत्तावीसवरून चाळिशीकडं जातील.

मार्चमध्ये काम काढलं. गवंडी फूटपट्टी घेऊन दारात उभा राहिला, "जोतं किती उचलू?" गल्लीच्या बरोबरीनं ठेवलं तर पुढच्या काँक्रीटला पुन्हा खड्ड्यात. एक फूट जास्त, म्हणालो मी. दीड करा, भाऊ म्हणाला. आत्या गल्लीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. उठून उभी राहिली आणि स्वतःच्या कमरेला हात लावून दाखवला.

"आजी, एवढं उचललं तर वर पत्र्याला डोकं लागेल," गवंडी हसत म्हणाला.

"मंग पत्रा पन उचल."