नाही म्हणण्याचे वळण



आमच्या खात्याचे काम म्हणजे नवे ते सांगणे. नवे वाण, नवे अवजार, नवी फवारणी, नवी योजना. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत गावोगाव फिरून मी आजवर 'हे घ्या, हे करून पाहा' असेच सांगत आलो. आज मात्र काही घ्या म्हणणार नाही. काय घेऊ नये हे लोक कसे ठरवतात, आणि ठरवलेले कसे टिकवतात, त्याविषयी बोलायचे आहे.

अमेरिकेत अमिश नावाचे ख्रिस्ती शेतकरी लोक आहेत. 1693 साली युरोपात त्यांचा पंथ वेगळा झाला. पुढे छळ सोसून ते पेनसिल्व्हेनियात आले. आज त्यांची संख्या सुमारे चार लाख आहे. साधे एकरंगी कपडे, घरी स्वतःची जुनी जर्मन बोली, घोडागाडीने जाणे-येणे. बरेचजण आजही घोड्यांनीच जमीन नांगरतात. तारेवरची वीज घरात घेत नाहीत. कोणाचे गोठ्याचे घर जळाले, तर आजूबाजूचे लोक जमतात आणि थोड्या दिवसांत नवे उभे करून देतात. जेवणाचे बायका पाहतात. मजुरी कोणी मागत नाही.

तुम्ही म्हणाल, हे लोक यंत्राला पाप समजत असतील. तसे नाही. दूध थंड ठेवल्याशिवाय डेअरी घेईना, तेव्हा बऱ्याच ठिकाणी त्यांनी डिझेल इंजिनावर दूध थंड करण्याची सोय केली. टेलिफोन घरात नको म्हटले, पण वाटेवर एक लहानशी खोली बांधून तेथे तो ठेवला, चार घरांनी वापरावा म्हणून. त्यांचा प्रश्न एकच असतो : या वस्तूने आपली घरे जवळ येतील की लांब जातील? मोटारीने माणूस शेजार सोडून दूर जातो, म्हणून मोटार नको. ट्रॅक्टरने एकटा माणूस शंभर एकर करू लागला, तर शेजाऱ्याच्या जमिनीवर डोळा जाईल आणि पोराला घरी काम उरणार नाही, म्हणून वावरात ट्रॅक्टर नको. पंचवीस-तीस घरांची एक मंडळी असते. वर्षातून दोनदा ती आपले नियम पुन्हा बोलून घेते. म्हणजे हे नियम कोणा एकट्याचे नसतात.

पण असे लोक पाहायला सातासमुद्रापार जायची गरज नाही. आपल्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभावांचे ते मोठे तीर्थ. गोविंदप्रभू तेथे राहिले. त्यांना गुरू मानणाऱ्या चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात हा पंथ उभा केला. त्यांच्या आठवणींचा 'लीळाचरित्र' हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हाइंभटांनी त्याच शतकाच्या अखेरीस रिद्धपूरलाच सिद्ध केला. 2024 साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले तेही याच गावी.

या पंथाची राहणी आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिली आहे. साधूंची काळी वस्त्रे, भेटताच 'दंडवत प्रणाम', मांस-दारू वर्ज्य, हिंसा वर्ज्य, पाच कृष्णांवाचून दुसऱ्या देवाला नवस नाही. भिक्षेला जाताना अमक्या जातीचे घर आणि तमक्या जातीचे घर असा भेद करायचा नाही. बाईच्या विटाळाची गोष्ट निघाली, तेव्हा जसा नाकाला शेंबूड तसा हाही देहाचा धर्म, असे स्वामींनी समजावले. सातशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे! स्त्रियांनाही संन्यास खुला ठेवला. एका विद्वान शिष्याला संस्कृतात ग्रंथ लिहायचा होता. तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला अडवले, कारण पंथातल्या म्हाताऱ्या बायांना तो कळला नसता. पुढे पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून शतकानुशतके जपले.

अमिश मुलगा जन्माने पंथात येत नाही. वयात आल्यावर तो स्वतः दीक्षा घेतो. महानुभावातही उपदेश घ्यावा लागतो. घेतला, की वळण पाळायचे. एक फरक मात्र सांगितला पाहिजे. महानुभाव शेतकरी यंत्राला नाही म्हणत नाही. त्याच्या दारी ट्रॅक्टर असतो आणि हाती मोबाइलही असतो. त्याचे 'नाही' वेगळ्या ठिकाणी आहे.

ते कुठे आहे, हे मला अकोल्याकडच्या एका घरी उमगले. गावात कंदुरी होती, बोकड कापले होते. हे महानुभाव घर मात्र आपल्या भाकरी-वरणावर खुशाल होते. मी विचारले, लोक आग्रह करत नाहीत का? घरची म्हातारी म्हणाली, "सायेब, आमच्या घरी हे होत नाही, हे साऱ्या गावाले ठाऊक हाये. म्हणून कोणी मांगत नाही, अन् आमाले कोणाले नाही म्हना लागत नाही."

या बोलण्यावर जरा थांबून विचार करा. त्याच भागातला दुसरा एक शेतकरी सांगतो. वडील वारले. तेरवी घरच्यापुरती करावी असे त्याच्या मनात होते, कारण पेरणी तोंडावर होती. पण भाऊबंद म्हणाले, "बापाले असंच धाडतं का?" गावजेवण झाले. सोयाबीनच्या बियाण्याचा आणि खताचा पैसा पंगतीत गेला. पेरणीसाठी सावकाराचे दार गाठावे लागले. हा माणूस उधळ्या नव्हता आणि अडाणीही नव्हता. पण त्याचे 'नाही' एकट्याचे होते. एकट्याचे 'नाही' म्हणजे कंजुषी ठरते. तेच सगळ्यांचे असले, तर ते वळण ठरते आणि कोणी बोट दाखवत नाही.

एकट्याने नाही म्हणणारा माणूसही आपल्याच मातीत होऊन गेला. शेंडगावचे गाडगेबाबा. मुलीच्या बारशाला बोकड आणि दारू हवी, असा भाऊबंदांचा रिवाज. त्यांनी गोड जेवण घातले आणि बोलणी ऐकली. पुढे जन्मभर ऋण काढून सण करू नका, देवापुढे मुके जनावर कापू नका, असे सांगत फिरले. पण गाडगेबाबांची छाती प्रत्येकाला कुठून येणार? म्हणूनच साध्या माणसाला चार माणसांचा आधार लागतो.

अमिशांचे सगळेच उचलावे असे मी म्हणत नाही. त्यांची मुले आठवीनंतर शाळेत जात नाहीत. 1972 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ती मुभा दिली. आपल्या पोरींना आठवीत घरी बसवणे आपल्याला परवडणार नाही. दीक्षा घेऊन मग पंथ सोडणाऱ्याशी त्यांच्यात पंगत तोडतात, तेही आपल्याला नको. वळण माणसाला धरून ठेवते, तसे ते आवळतेही. म्हणून नियम थोडे असावेत आणि ज्याला पाळायचे त्याला विचारून केलेले असावेत.

तेव्हा माझे सांगणे एवढेच. येत्या पोळ्याच्या आधी, डवरणी-निंदणीतून सवड मिळेल तेव्हा, तुमच्या भावकीतली पाच-सात घरे एकत्र बसवा. बायांनाही बसवा, कारण पाहुण्यांची बोलणी त्यांनाच ऐकावी लागतात. फार काही ठरवू नका. एकच गोष्ट ठरवा. तेरवीला गावजेवण नाही, किंवा लग्नाच्या वरातीत डीजे नाही, किंवा पंगतीसाठी कर्ज नाही. मग ते सगळ्या सोयऱ्यांना आधीच कळवून टाका. दुसऱ्या वर्षी पुन्हा बसा, जमले का ते पाहा, नसेल जमले तर बदला.

आणि हे ठरवायला घरी कोणाचे मरण व्हायची किंवा मुलीचे लग्न निघायची वाट पाहू नका. त्या दिवशी ठरवायला बसले, की भाऊबंदांचे बोलणे आपल्यापेक्षा मोठे होते.