हॉलमध्ये झोपणाऱ्यांची गोष्ट

खरं सांगते, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीही मी हॉलमध्ये झोपते. डोंबिवलीतला वन बीएचके. बेडरूम दादा-वहिनीची. हॉलमध्ये आई, बाबा, मी आणि माझा लॅपटॉप. रात्री बाबांच्या बातम्या संपल्या की टीपॉय भिंतीला आणि गाद्या खाली. सकाळी सहाला कुकरची शिट्टी. त्यात फ्रीलान्सिंग म्हणजे 'ही काय, घरीच असते'! ऐन डेडलाइनला कुरियर, गॅस, पाहुणे... सगळं माझ्याकडे. शेवटी एकदा बोलून टाकलं, "आई, मी भाड्याने रूम घेतेय."

आईने भाजी चिरणं थांबवलं नाही. एवढंच म्हणाली, "आमचा त्रास होतो का गं?"

पंधरा दिवसांनी मी एडिंबरात होते. मैत्रीण तिथे शिकते, तिकीट आधीच काढलेलं. पण ते वाक्य सामानातून सोबत आलं होतं.

मैत्रीण म्हणाली, चल, कॅसल दाखवते. शहरातला फेमस किल्ला नाही, क्रेगमिलर. पाचेक किलोमीटरवर, सिटी बसने. 'आउटलँडर' बघितलं असेल, तर तिसऱ्या सीझनमधला तुरुंग हाच. प्रत्यक्षात मात्र हे एका कुटुंबाचं घर. सायमन प्रेस्टन यांनी १३७४ मध्ये ही जागा घेतली आणि चौदाव्या शतकाच्या शेवटी इथे इंग्रजी 'एल'च्या आकाराचा दगडी मनोरा उभा राहिला. जाडजूड भिंती, बारीक खिडक्या, गोल गोल फिरत वर जाणारा अरुंद जिना. तळाला कोठारं आणि वर... हॉल!

चक्क हॉल. मी हसायलाच लागले. अशा घरांत दुपारचं मुख्य जेवण हॉलमध्ये, पाहुणे हॉलमध्ये, कामाची बोलणी हॉलमध्ये. जेवणं झाली की घोड्यांवर ठेवलेल्या फळ्या उचलायच्या आणि रात्री नोकरचाकरांनी तिथेच अंथरुणं घालायची. वेगळी खोली फक्त मालकाला. क्रेगमिलरच्या हॉलवर दगडी कमान आहे आणि त्या कमानीखाली एकेकाळी लाकडी पोटमाळाही होता. सांगा आता, डोंबिवली आणि यात फरक काय? बरं, पुढे नवीन स्वयंपाकघर झालं, तेव्हा हॉलशेजारच्या जुन्याची बेडरूम केली. किचन आत सरकवून खोली काढायची आयडिया आपल्या बिल्डरांची नव्हे, मंडळी!

हा कॅसल एकदम बांधलेला नाही. पंधराव्या शतकात भोवती तटबंदी आली. १५४४ मध्ये इंग्रजांनी जाळला, तर पुन्हा उभा केला. पिढ्या वाढल्या तशा अंगणाच्या कडेने खोल्या वाढल्या. १६६० मध्ये जॉन गिल्मोर या न्यायाधीशांनी तो विकत घेतला आणि पश्चिमेला मोठ्या खिडक्यांचा, ऐसपैस, त्या काळातला मॉडर्न भाग बांधला. म्हणजे तीनशे वर्षं इथली माणसं एकच करत होती... हळूहळू हॉलमधून बाहेर पडत होती. 'स्पेस' हवी असणं हा माझ्या पिढीचा चोचला नाही तर!

पण थांबा. ती किचनची बेडरूम क्वीन मेरीची खोली म्हणून दाखवतात. खरं तर ती पूर्वेकडच्या मोठ्या दालनात राहिली असण्याची शक्यता जास्त. १५६६ च्या हिवाळ्यात ती इथे होती. आजारी. मरण आलं तर बरं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणते, हे फ्रेंच राजदूताने तेव्हाच पत्रात लिहून ठेवलंय. त्याच मुक्कामात तिच्या सरदारांनी तिच्या नवऱ्याचा, डार्नलीचा काटा काढायचं ठरवलं, असं मानतात. १५६७ च्या फेब्रुवारीत त्याचा खून झाला. दार लावून घेता येणारी खोली होती, दिमतीला माणसं होती, तरी "काय होतंय तुला?" असं विचारणारं कोणी होतं का, कोण जाणे.

आणखी एक गंमत. अठराव्या शतकात गिल्मोर कुटुंब दुसरीकडे राहायला गेलं आणि घर पडायला लागलं. आज त्या मॉडर्न भागावर छप्पर नाही. वर नुसतं आकाश. सहाशे वर्षांचा हॉल मात्र अजून कमान धरून उभा आहे.

खिडकीतल्या दगडी बाकावर बसून हॉलचा फोटो आईला पाठवला. लगेच फोन. "एवढा मोठा हॉल? केर कोण काढत असेल गं?"

हसून झालं आणि मी म्हटलं, "आई, त्रास नाही होत. दार लावून लिहायचंय, एवढंच. आपल्या मागच्याच गल्लीत बघते."

बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "बघ. पण तुझी गादी मी कुणाला देणार नाही."

परत आल्यावर रूम घेतली. घरापासून चालत चार मिनिटं. दार लावते, लिहिते. शनिवारी रात्री मात्र हॉलमध्येच झोपते... टीपॉय भिंतीला लावून.