हापशाचा हिशेब

२०२० च्या सप्टेंबरात परकीय देणग्यांच्या कायद्यात संसदेने दुरुस्ती केली. शाळा बंद होती, म्हणून त्या चर्चेतली भाषणे मी घरी मोबाईलवर ऐकत बसलो होतो. परदेशी पैशाचा चोख हिशेब हवा, संस्थांनी कार्यालयावर करायच्या खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर यावी, असा एकंदर सूर. परदेशी पैसा म्हटले की आपल्याकडे चर्चचे नाव निघतेच. माझे म्हणाल तर हिशेब मागण्यात मला गैर वाटत नाही. मास्तर माणूस मी. खडूच्या पेटीचाही हिशेब देत आलो.

आजी शेजारीच बसून शेंगा फोडीत होती. तिने विचारले, "कुणाला द्याचा म्हणत्यात हिसाब?"

"सरकारला. अन् पैसे देणाऱ्याला."

"आन् खाणाऱ्याला?"

१९७२ चा दुष्काळ मी पाहिलेला नाही, पण आमच्या घरात तो अजून नांदतो. आजी तेव्हा खडी फोडायला जाई आणि सुकडीच्या आशेने वडील, पोरवयाचे, तिच्या मागोमाग. परदेशातून आलेला तांबडा मिलो दळून त्याची भाकरी करायची. "भाकर न्हवं, ढेकूळ हुतं ते." हजेरीपटावर ती अंगठा देई. अंगठ्यासमोर किती दिवस मांडले, हे तिने मुकादमाला एकदाही विचारले नाही. विचारले असते तर दुसऱ्या दिवशी कामावर घेतले नसते, हे तिला पक्के ठाऊक होते.

मराठवाड्याच्या काळ्या खडकात पहार चालत नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जालन्याच्या स्कॉटिश मिशनने खडक फोडणारी यंत्रे आणून बोअर पाडायला सुरुवात केली. पैसा अर्थातच बाहेरचा. देणगीदारांना कळवायला आकडाही सोयीचा: अमुक इतक्या विहिरी. मात्र असल्या बोअरवर त्या काळी जे बिडाचे हापसे बसत, ते मुळात परदेशातल्या एखाद्या कुटुंबापुरते घडवलेल्या नमुन्याचे. इथे दिवस उजाडल्यापासून सारे गाव त्यावर लोंबकळायचे. खिळी झिजायची, दांडा मोडायचा. १९७० च्या दशकाच्या मध्यावर युनिसेफने पाहणी केली तेव्हा देशातले बहुतेक हापसे बंद पडलेले आढळले. हिशेब खोटा नव्हता हो, विहिरी होत्याच. पाणी तेवढे वर येत नव्हते.

यावर तोड काढली तीही मिशनच्याच माणसांनी, हे सांगायलाच हवे. आधी जालन्याला, मग सोलापुरात, त्यांनी इथल्या बायांची घाईगर्दी सोसेल असा पोलादी हापसा तयार केला. सोलापूरच्या त्या हापशावरूनच पुढे 'इंडिया मार्क टू' निघाला आणि देशभर गेला. बोअर मोजणाऱ्यांपैकीच कुणीतरी मोडलेल्या दांड्यापाशी थांबले असले पाहिजे, घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला काही विचारले असले पाहिजे. त्याशिवाय हे सुचत नाही.

आजीच्या प्रश्नाला मी त्या दिवशी काही बोललो नाही. तिनेही पुन्हा विचारले नाही. टरफले सुपात भरून ती आत गेली.

आमच्या शाळेमागे असाच एक हापसा आहे. भोवती खोल खोल बोअर झाले आणि त्याचे पाणी आटले. मधल्या सुट्टीत पोरे दांड्याला लोंबकळतात. दांडा मात्र अजून छान चालतो. पाहणीला कुणी आलेच, तर हलवून बघेल आणि 'चालू' असे लिहून जाईल.