10 फुटी गाळा

कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका गल्लीत माझा गाळा आहे. रुंदी 10 फूट, खोली 18. त्यातले दीड फूट कामाच्या कट्ट्यानं आणि कॉम्प्रेसरनं खाल्लेत. दिवसभर गाड्या बाहेर रस्त्याकडेला उभ्या असतात, रात्री मात्र सहा-सात बुलेट आत घ्याव्या लागतात. एक बुलेट सात फूट लांब, हँडलापाशी अडीच फूट रुंद. कागदावर मांडलं तर बसतात. फक्त वळायला जागा उरत नाही.

आणि वळवल्याशिवाय भागत नाही. शटरचा उंबरा रस्त्यापासून अर्धा फूट वर आहे, पुढे सिमेंटचा उतार केलाय. तो चढायचा तर गाडी तोंडानंच आत जाते. सकाळी तीच गाडी पाठमोरी उतारावरून सोडायची म्हटलं की सगळा भार मागच्या चाकावर जातो आणि पुढचं हलकं होतं. उतरणाऱ्याच्या हाताशी ब्रेक असतो तो पुढचा. पावसाळ्यात ओल्या उतारावर तो दाबला तर चाक थांबतं, गाडी थांबत नाही. म्हणून रात्रीच, आतल्या आत, गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवायचं.

मी गॅरेजला लागलो तेव्हा 16 वर्षांचा होतो. पान्याला हात लावायच्या आधी आमच्या मिस्त्रींनी मला गाड्या आत घालायला लावलं. दुसऱ्याच आठवड्यात एक बुलेट माझ्या हातून पलीकडे कलली, ती दुसरीवर, दुसरी तिसरीवर. तीन टाक्यांना पोचे आले. मिस्त्री बोलले नाहीत. चहा पिऊन आले आणि म्हणाले, "उचल आता. एकेक. वरची आधी." त्या दिवशी मी उचलायला शिकलो: गाडीकडे पाठ करायची, बूड सीटला टेकवायचं, एक हात हँडलला, एक मागच्या कडीला, आणि पायानं मागं मागं रेटत जायचं. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधी खाली पाडून ठेवायचा, नाहीतर उभी झालेली गाडी त्याच जोरात आपल्या हातून पलीकडे जाते. तेही मला त्याच दिवशी कळलं, दुसऱ्या गाडीला.

ढकलणारा नेहमी गाडीच्या डाव्या अंगाला. स्टँड डावीकडे आहे आणि तापलेला सायलेन्सर उजवीकडे, एवढं कारण पुरे. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये आणखी एक सोय होती. तिचा गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या. म्हणजे डावीकडे उभं राहून चालता चालता पायानं मागचा ब्रेक दाबता यायचा. नव्या गाड्यांत हे उलटं झालं. चालवणाऱ्याला बरं झालं असेल, गाळ्यातल्या माणसाचा एक पाय गेला.

आता प्रत्यक्ष वळण. हँडल पूर्ण डावीकडे तोडून पुढे, मग पूर्ण उजवीकडे तोडून मागे, परत डावीकडे तोडून पुढे. दर खेपेला तोंड थोडं थोडं फिरतं. माझ्या गाळ्यात मोकळ्या जमिनीवर सात खेपा लागतात, दोन गाड्या आत उभ्या असतील तर अकरा. ऐकायला सोपं आहे. पण डावीकडे तोडलं की हँडल आपल्या पोटात शिरतं, उजवीकडे तोडलं की हातातून निसटायला बघतं, आणि आपण नकळत गाडीवर ओणवे होतो. पडतात त्या बहुतेक गाड्या या उजव्या खेपेला, पलीकडच्या अंगाला पडतात. आणि हँडल तोडलेलं असताना पुढचा ब्रेक कचकन दाबायचा नाही. गाडी तिथंच बसते. दोन बोटं लिव्हरवर ठेवायची ती हळू सोडण्यासाठी.

नवी क्लासिक 350 भरते 195 किलो. एकदा तालमीतलं एक पोरगं गाडी न्यायला आलं. शंभरच्या वर वजन, मनगट माझ्या पोटरीएवढं. "सरका मामा, मी काढतो," म्हणून त्यानं हँडल धरलं आणि ओढलं. गाडी जरा कलली, त्यानं दंडावर पेलली, अजून कलली, आणि शेवटी पैलवान एका गुडघ्यावर आला. माझा हाताखालचा पोरगा 50 किलोचा असेल. त्यानं गाडी सरळ करून घेतली, कंबर सीटला लावली आणि बाहेर नेली. तिथं उभ्या असलेल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं खडूनं फरशीवर मांडून दाखवलं. गाडीचा भार जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आहे असं धरा, हात एका मीटरवर. दोन अंश कलली तर हातावर साडेतीन किलोसुद्धा येत नाहीत. दहा अंशाला 17. वीस अंशाला 33. पैलवानानं ते सगळं नीट वाचलं आणि म्हणाला, "म्हंजे कलू द्यायचीच नाही." बरोबर आहे. रिकाम्या टाकीपेक्षा फुल्ल टाकीला 13 लिटर पेट्रोलचे दहाएक किलो जास्त असतात, तेही वरच्या बाजूला. म्हणून फुल्ल टाकीची गाडी मी दुसऱ्याला वळवू देत नाही.

साइड स्टँडवर गाडी अंगाकडे ओढून दोन्ही चाकं उचलायची आणि भिंगरीसारखी फिरवायची, अशी एक पद्धत आहे. पोरांना फार आवडते. मीही तरुणपणी खूप केली. मग एका गाडीच्या स्टँडचं फ्रेमवरचं वेल्डिंग माझ्याच हातात तुटलं. तेव्हापासून गाळ्यात ते बंद. अगदीच अडलं तर माझ्याकडे फूटभर चौरस लोखंडी प्लेटांची एक जोडी आहे, शेजारच्या वर्कशॉपमधून कापून घेतलेली, मध्ये बचकभर ग्रीस. प्लेटांवर गाडी डबल स्टँडला लावायची, एकानं मागच्या कॅरिअरवर भार देऊन पुढचं चाक सुटं करायचं, दुसऱ्यानं हँडल धरून चालत जायचं. गाडी जागच्या जागी फिरते. ग्रीस फरशीवर सांडतं, मग लाकडाचा भुसा टाका, झाडा. रोजच्याला परवडत नाही.

होंडाच्या गोल्डविंगला 1988 पासून रिव्हर्स आहे म्हणे, बटण दाबलं की मोटर मागं नेते. आमच्याकडे अजून तरी कंबरच आहे.

पण एवढं करून खरं काम उरतंच, ते ढकलायच्या आधीचं. कुठली गाडी आधी आत घालायची? मी कट्ट्यावर बसून दोन मिनिटं नुसता बघतो. उद्या सकाळी दहाला येणारा मास्तर खरंच दहाला येतो, त्याची गाडी शटरशी. शेवटच्या गाडीला वळायला जागाच नसते, ती तोंड आत करून राहते, म्हणून ती अशा माणसाची हवी जो स्वतः पाठमोरी काढू शकेल. "संध्याकाळपर्यंत बघू" म्हणणाऱ्याची मध्ये. स्पेअरचे पैसे बघून येतो म्हणाला त्याची मागच्या भिंतीला आडवी. तिथं एक 1986 ची बुलेट चार वर्षं आडवी उभी आहे. मालकाचा फोन लागत नाही. तिच्यामुळं मला रोज चार खेपा जास्त पडतात. महिन्यातून एकदा तिच्या चाकांत हवा भरतो, कारण बसलेल्या टायरची गाडी हलवणं हे निराळंच मरण.

तेव्हा तुम्हाला एकच विनंती. गाडी गॅरेजला लावून जाताना हँडल लॉक करून किल्ली खिशात घालून जाऊ नका. लॉक झालेली बुलेट फक्त एकाच बाजूला वळते, आणि ती बाजू नेमकी भिंतीची असते.